कैरी, खस आणि संत्री : झां-क्लोद एलेना सुगंध कसा रचतात?

लकडगंजमधून सकाळी शाळेत जाताना आरामशीनवर नुकत्याच कापलेल्या सागवानाचा वास येतो. पाऊस पडून गेला की तोच वास बदलतो, ओल्या भुशाचा होतो. या दोन वासांतला फरक आम्ही वर्गात विचारला, तर मुलांची उत्तरं "चांगला", "खराब" आणि "तेज" या तीन शब्दांत संपली. यात मुलांचा काय दोष? अत्तराच्या दुकानात आपणही हेच विचारतो ना, "तेज आहे का? किती टिकेल?"

हा "तेज"चा हट्ट मोडणारा एक परफ्यूमर आहे, फ्रान्सचे झां-क्लोद एलेना. जन्म १९४७, गाव ग्रास, म्हणजे फ्रान्सचं कन्नौजच समजा. वडीलही परफ्यूमर. शाळेत मन रमलं नाही, म्हणून कोवळ्या वयातच ते सुगंधाच्या कारखान्यात कामाला लागले. (पालकांनी इथेच वाचणं थांबवू नये!) कारण १९६८ मध्ये जिवोदान कंपनीने जिनिव्हात परफ्यूमरांची शाळा काढली आणि एलेना तिथे पुन्हा विद्यार्थी झाले.

१९७६ मध्ये त्यांचा 'फर्स्ट' गाजला. भरगच्च, श्रीमंती थाटाचा सुगंध. पुढे त्यांना स्वतःलाच तो भरगच्चपणा नकोसा झाला. १९९२ मध्ये बुल्गारीसाठी त्यांनी ग्रीन टीचा हलका सुगंध केला आणि तिथून त्यांची वाट बदलली. परफ्यूमरच्या हाताशी हजाराहून जास्त पदार्थ असतात. एलेनांनी ते कमी करत करत दोनशेच्या आसपास आणले. त्यांचं म्हणणं असं की वास हा शब्दासारखा आहे. थोडे शब्द नीट जुळले तर वाक्य होतं, सगळे एकदम बोलले तर गोंगाट.

याचं एक उदाहरण आम्हाला फार आवडतं. एका कागदी पट्टीवर व्हॅनिलिन, दुसरीवर आयसोब्यूटिल फिनाइल ॲसिटेट. दोन्ही पट्ट्या एकत्र नाकाखाली धरल्या की चॉकलेट! चॉकलेट कुठेच नाही, ते आपल्या डोक्यात तयार होतं. एलेना याला आभास म्हणतात.

२००४ मध्ये ते हर्मेस कंपनीचे परफ्यूमर झाले. पहिलं मोठं काम नाईल नदीवरच्या सुगंधाचं, त्यासाठी इजिप्तमधल्या अस्वानला गेले. चमेली, कमळ असं काही मिळेल अशी अपेक्षा होती. मनात भरली ती झाडाला लटकलेली हिरवी कैरी! आता गुलाबाचं तेल निघतं तसं कैरीचं तेल काही परफ्यूमरच्या कपाटात नसतं. म्हणजे इतर पदार्थांतून कैरीचा आभासच उभा करायचा. २००५ मध्ये तो सुगंध बाजारात आला. २००६ च्या 'तेर द हर्मेस'मध्ये संत्रं आहे, मिरी आहे, गारगोटीच्या दगडाची आठवण आहे आणि तळाशी खस. नागपूरकराला वेगळं काय सांगायचं? संत्र्याची साल सोलून कूलरच्या ओल्या खसजवळ बसा, अर्धी कल्पना येईल. २००८ मध्ये केरळच्या पावसानंतरच्या हवेवरही त्यांनी एक सुगंध केला. त्यात वेलची, आलं, मिरी असूनही तो गारच वाटतो.

मग प्रश्न येतो, हे रसायनांचं म्हणजे नकलीच ना? आम्हाला तसं वाटत नाही. कन्नौजच्या देग-भपक्यात गुलाबाची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, तेच खरं पारंपरिक अत्तर. चंदन महागलं तसं बऱ्याच ठिकाणी तेलाच्या जागी लिक्विड पॅराफिन आलं. पॅराफिन वापरलं हा गुन्हा नाही, पण ते "असली संदल" म्हणून विकणं ही फसवणूक. आम्हीही एकदा फसलो आहोत, जुम्म्याच्या आदल्या दिवशी, चांगले पैसे मोजून. एलेना प्रयोगशाळेतला पदार्थ वापरतात तर तसं उघड सांगतात, त्यावर पुस्तकंही लिहितात. (परफ्यूममधल्या अल्कोहोलबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, तो मसला त्यांनाच विचारावा.)

२०१६ मध्ये हर्मेसमधली त्यांची जागा क्रिस्टीन नाजेल यांनी घेतली.

मागच्या आठवड्यात आम्ही वर्गात कैरी कापून फिरवली. "तेज" हा शब्द वापरायला बंदी होती. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आरामशीनवर ओलं लाकूड कापतात ना, तसा. फक्त आंबट."