झिजलेली बोटे आणि ठशाचे कुलूप

मुलाने हौसेने दाराला बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप बसवले. वर्षभर ठीक चालले. पुढे धुणीभांडी करून परतलेली आई वारंवार दाराबाहेर ताटकळू लागली. भगिनींनो, दोष तिचा नव्हे. साबण, सिमेंट, विटा यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात. ओल्या बोटाचा ठसाही नीट उमटत नाही. म्हणून दोन-तीन बोटांचे ठसे नोंदवा, गुप्त क्रमांकही पाठ असू द्या. सेल उतरल्याचा इशारा मिळताच सगळे सेल एकदम बदला. बऱ्याच कुलपांना बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून तात्पुरती वीज देता येते. जादा किल्ली विश्वासू शेजारणीकडे ठेवा. कष्ट करणाऱ्या हाताला स्वतःच्याच घराचे दार बंद राहू नये!