ब्रेक लागतो, पण सुटत नाही! जुन्या जिप्सीचा होज पाइप असा तपासा

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघं काकांची १९९९ ची जिप्सी घेऊन कोल्हापूरहून गगनबावड्याला गेलो आणि हौस म्हणून पुढे करूळ घाट उतरलो. घाटात ब्रेक मस्त लागत होते. खाली वैभववाडीच्या सपाट रस्त्याला लागलो, तर गाडी डावीकडे ओढायला लागली आणि जळका वास यायला लागला. थांबून बघितलं तर पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं, उजवं नुसतं कोमट.

मला वाटलं कॅलिपर जॅम झाला. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पाच मिनिटांत वेगळंच सांगितलं, "भावा, पाइप बाहेरनं चकाचक हाय, आतनं गेलाय."

आता हा पाइप म्हणजे काय ते बघू. ब्रेक ऑइल चासीवरून लोखंडी नळीतून येतं. पण चाक वरखाली होतं, वळतं, म्हणून शेवटचा तुकडा रबराचा असतो. तोच होज पाइप. आत रबर, मधे विणलेल्या धाग्याचा थर, बाहेर परत रबर. वर्षानुवर्षांनी आतलं रबर फुगतं किंवा त्याचा पापुद्रा सुटतो आणि भोक बारीक होतं. पेडल दाबल्यावर दाब एवढा असतो की ऑइल त्यातूनही घुसतं. पाय काढल्यावर मात्र ते मागे ढकलायला फारसा जोर नसतो. पिस्टनचं सील थोडंसं मागे खेचतं, तेवढंच. थोडक्यात, वन-वे रस्ता. ऑइल कॅलिपरमध्ये अडकतं, पॅड डिस्कला घासत राहतात.

घासलं की चाक तापतं आणि चाकाजवळचं ऑइलसुद्धा. डॉट ३ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं. तसं ओलावलेलं ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. हे घाटाच्या वळणावर झालं तर काय, ते लिहायची गरज नाही.

बाहेरची तपासणी फोनवर होते. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च लावा आणि होजच्या दोन्ही टोकांचे, विशेषतः धातूच्या कॉलरजवळचे फोटो काढा. झूम करून भेगा, ओल, घासल्याची खूण शोधा. मग मित्राला पेडल जोरात दाबायला सांगा आणि व्हिडिओ घ्या. होज कुठेही फुग्यासारखा फुगला तर तो बादच. उंच स्प्रिंग टाकून गाडी उचलली असेल तर अजून एक बघा: अॅक्सल पूर्ण खाली लोंबल्यावर होज ताणला जातो का?

आतलं मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यासाठी मिस्त्रींनी केलं ते असं. मागच्या चाकांना दगड लावले, फोर-व्हील ड्राइव्ह काढला (नाहीतर चाक पुढच्या शाफ्टमुळेही जड फिरतं), पुढचं चाक जॅकवर उचललं आणि अॅक्सलखाली स्टँड ठेवला. पेडल दाबून सोडलं. चाक हाताने फिरेना. मग होजच्या चासीकडच्या टोकाचा नट किंचित सैल केला. तरी फिरेना. मग कॅलिपरचा ब्लीडर सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे अडथळा या दोन जागांच्या मधे, होजमध्येच. आम्ही कोडमधला बग शोधताना हेच करतो, अर्ध्यात तोडून बघतो. पहिल्याच नटाला चाक सुटलं असतं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे असता. ब्लीडर उघडूनही सुटलं नसतं, तर कॅलिपरच.

बदलायचं काम ब्रेकचं असल्याने पहिल्यांदा जाणकाराला शेजारी उभं करा. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात, ब्रेक पाइपचा खाचवाला रिंग पाना वापरा. होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर लोखंडी नळी पिळवटते. कॅलिपरकडचे तांब्याचे वॉशर नवेच घाला. होज पेट्रोलने पुसू नका, रबर खराब होतं. ऑइल थांबवायला होजला पक्कड लावायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. त्याने आतलं रबर चिरडतं आणि आपण नवा बिघाड स्वतःच तयार करतो.

मग एअर काढायची, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. डब्यातलं ऑइल मधे संपू द्यायचं नाही. पेडल टणक लागलं की स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून होज टायरला घासत नाही ना ते बघा, गळती बघा, आणि मोकळ्या मैदानात हळू चालवून ब्रेक मारून बघा. घाट नंतर.

होज जोडीनेच बदला, डावा गेला तर उजवाही त्याच वयाचा असतो. नवा घेताना त्यावर छापलेली तारीख वाचा, कारण रबर दुकानात पडूनही म्हातारं होतं. आमच्या जुन्या होजवरचा चिखल पुसून तारीख शोधली, तर ती निघाली १९९८. गाडीपेक्षाही एक वर्षाने मोठा.