कळ थांबली म्हणजे खडा गेला?

सुरगाण्यात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. द्राक्षाच्या हंगामात तालुक्यातले कितीतरी मजूर दिंडोरी-निफाडच्या बागांत राबतात. घाम भरपूर जातो, पाणी कमी प्यायलं जातं, लघवी दाट होते. दाट लघवीतल्या क्षारांचे स्फटिक जमून मुतखडा होतो. पण काही समजांमुळे त्याचे उपचार लांबतात.

गैरसमज : कळ थांबली, म्हणजे खडा पडला.
वस्तुस्थिती : मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. तिच्यात खडा अडकला की वरच्या बाजूला लघवी तुंबते आणि दाबामुळे कळ येते. खडा जागेवर असतानाही ही कळ ओसरू शकते. अडथळा तसाच राहिला तर मूत्रपिंड न दुखता निकामी होत जातं. खडा पडलेला दिसला नसेल, तर पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी.

गैरसमज : रिपोर्टमध्ये ‘हायड्रोनेफ्रोसिस’ आलं, म्हणजे किडनी गेली.
वस्तुस्थिती : लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. अडथळा वेळेत निघाला तर ही सूज बहुधा उतरते. ‘कॅल्क्युलस’ म्हणजे खडा. ‘व्हीयूजे’ म्हणजे मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते ती जागा. खडा तिथवर उतरला असेल तर तो आपोआप पडण्याची शक्यता वाढते. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली ‘क्रिएटिनिन’ तपासणी नॉर्मल आली तरी निर्धास्त राहू नये. एक मूत्रपिंड तुंबलेलं असताना दुसरं काम सांभाळून घेतं, त्यामुळे आकडा ठीक दिसू शकतो.

गैरसमज : हुलग्याच्या कढणाने किंवा पानफुटीने खडा विरघळतो.
वस्तुस्थिती : पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा चार-सहा आठवड्यांत आपोआप पडतात, श्रेय मात्र काढ्याला मिळतं. सर्वाधिक आढळणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे कोणत्याही औषधाने विरघळत नाहीत. युरिक अ‍ॅसिडचे खडे विरघळू शकतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

गैरसमज : खडा झाला की दूध, नागली, टोमॅटो बंद.
वस्तुस्थिती : जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं, त्यामुळे ते लघवीत कमी उतरतं. वारंवार खडे होणाऱ्या पुरुषांवरचा इटलीतला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा ते नेहमीइतकं घेऊन मीठ आणि मांसाहार कमी करणाऱ्यांना पाच वर्षांत जवळपास निम्मेच खडे झाले. म्हणून हात आखडायचा तो मिठावर आणि खारवलेल्या सुकटीवर. दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. बागेत कामावर जातानाही बाटली सोबत हवी.

गैरसमज : ऑपरेशन झालं, आता काळजी नाही.
वस्तुस्थिती : ऑपरेशननंतर अनेकदा आत ‘डीजे स्टेंट’ ही बारीक नळी ठेवतात. ती ठरल्या तारखेला काढावीच लागते. राहून गेली तर तिच्यावरच खडे जमतात. कामासाठी गाव सोडण्याआधी ही तारीख घरच्यांनाही सांगून ठेवावी. खड्याच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

खड्यासोबत थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर सकाळची वाट पाहू नये. तुंबलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी भरपूर पाणी पिऊनही अडथळा सुटत नाही. १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठावं.