साठीनंतरचा आरोग्यविमा (लेखांक ४) : विमा तीन लाखांचा, हाती पडणार किती?

मागच्या लेखात प्रस्ताव अर्जात जुने आजार का लपवू नयेत, हे पाहिले. आता प्रश्न निवडीचा. ठाकुर्लीत त्याचे उत्तर घरागणिक बदलते. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आणि तिथल्या वैद्यकीय योजनेत नाव असलेल्यांपाशी ‘उमीद’ कार्ड असते, कल्याणचे रेल्वे रुग्णालयही जवळ. खासगी नोकरी करून घरी बसलेल्यांचा कंपनीचा विमा मात्र बहुधा नोकरीबरोबरच संपतो. आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

पहिला पर्याय सरकारी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते. वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत. हप्ता नाही, वैद्यकीय तपासणी नाही आणि जुना मधुमेह, रक्तदाब पहिल्या दिवसापासून धरला जातो. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. मर्यादा दोन : उपचार योजनेतल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात आणि नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून असतात. साठ ते सत्तरमधल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

दुसरा पर्याय खास ज्येष्ठांसाठीची खासगी पॉलिसी. इथे वरचा आकडा पाहून भुलू नये. समजा, पॉलिसी तीन लाखांची आहे. खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये, आणि को-पे, म्हणजे मंजूर खर्चातला आपला वाटा, २० टक्के. रुग्णाला ६,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस ठेवले. बिल झाले दोन लाख : खोली ३० हजार, डॉक्टर, शस्त्रक्रियागृह वगैरे १ लाख २० हजार, औषधे आणि तपासण्या ५० हजार. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून कंपनी खोलीचे १५ हजारच धरते. त्याच प्रमाणात डॉक्टर-शस्त्रक्रियेचा खर्चही निम्मा, म्हणजे ६० हजार धरते. औषधे-तपासण्यांना ही कात्री लागत नाही. बेरीज सव्वा लाख. त्यातून २० टक्के को-पे गेला की हाती एक लाख. विम्याची रक्कम शिल्लक असूनही उरलेला लाख घरातून गेला! खोली ३,००० रुपयांची घेतली असती, तर खिशाला लागलेली झळ बरीच कमी झाली असती.

तिसरा पर्याय मुलांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये आईवडिलांना घेण्याचा. सोयीचा वाटतो; पण हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो आणि रक्कम सगळ्यांत वाटली जाते. आईवडिलांची पॉलिसी वेगळी असलेली बरी.

चौथा, सुपर टॉप-अप. आधीचे एखादे संरक्षण असेल तर कमी हप्त्यात मोठी रक्कम देणारा. साध्या टॉप-अपशी याची गल्लत करू नका. तीन लाखांची वजावट आहे, म्हणजे तेवढा खर्च आधी आपला, आणि वर्षात दोन-दोन लाखांची दोन आजारपणे झाली, तर टॉप-अप काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाचा खर्च एकत्र मोजतो आणि वरचा एक लाख देतो.

नियम आता ज्येष्ठांच्या बाजूला झुकले आहेत. २०२४ पासून केवळ वय ६५ च्या पुढे गेले म्हणून विम्याचे दार बंद होत नाही. जुन्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी तीन वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा : सत्तरी ओलांडली असेल तर आधी वय वंदना कार्ड, मग जमेल तशी खासगी पॉलिसी. सही करण्याआधी एजंटकडून चार उत्तरे लेखी घ्या : को-पे किती, खोलीभाड्याची मर्यादा किती, प्रतीक्षा किती वर्षांची, आणि कल्याण-डोंबिवलीतली कोणती रुग्णालये कॅशलेस यादीत आहेत. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायला तीस दिवस मिळतात. त्या दिवसांत ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, आणि डोळे साथ देत नसतील तर मुलांकडून, शेजाऱ्यांकडून वाचून घ्या.