जमिनीखालचा वायू कसा मोजतात?

नैसर्गिक वायू जमिनीखाली तळ्यासारखा साठलेला असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो वालुकाश्मासारख्या खडकाच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत, प्रचंड दाबाखाली कोंडलेला असतो. मग बाहेर काढण्यापूर्वीच तो मोजायचा कसा?

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन क्षेत्राचे उदाहरण घेऊ. तेथे १९५९ साली स्लोख्तरेन गावाजवळ सुमारे ३ किलोमीटर खोलीवर वायू सापडला. हिशेबाच्या सोयीसाठी वायूच्या थराची जाडी १०० मीटर धरा. म्हणजे १ चौरस किलोमीटरखाली खडक झाला १० कोटी घनमीटर. त्यात पोकळ्या १५ टक्के धरल्या, तर १.५ कोटी घनमीटर. पोकळ्यांत थोडे पाणीही असते. वायूचा वाटा ८० टक्के मानला, तर उरले १.२ कोटी घनमीटर.

तेथील दाब होता हवेच्या दाबाच्या सुमारे ३५० पट. बॉइलच्या नियमाप्रमाणे वर आलेला वायू ३५० पट प्रसरण पावायला हवा. परंतु खाली तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअस असते, आणि एवढ्या दाबाखाली वायू हा नियम काटेकोरपणे पाळत नाही. म्हणून २४० पट धरू. उत्तर आले २८८ कोटी घनमीटर.

आता याला क्षेत्रफळाने गुणायचे. खरी अडचण येथेच आहे! जाडी, पोकळ्या व दाब विहिरीतून कळतात. वायू किती दूरवर पसरला आहे, हे मात्र एका विहिरीवरून कळत नाही. त्यासाठी जमिनीत कंपने निर्माण करून खडकांवरून परतणाऱ्या लहरी टिपतात, आणखी विहिरी खणतात. ग्रोनिंगेनचा सुरुवातीचा अंदाज होता सुमारे ६,००० कोटी घनमीटर. आपल्या हिशेबाने हा साठा जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा! पुढे क्षेत्र निघाले सुमारे ९०० चौरस किलोमीटर. गुणाकार तुम्हीच करून पाहा आणि नंतरच्या अंदाजाशी, म्हणजे सुमारे २ लाख ८० हजार कोटी घनमीटरशी, ताडून पाहा.

साठा कळला, तरी वायू किती वेगाने मिळेल हे कळत नाही. त्यासाठी विहीर काही काळ वाहती ठेवून मग बंद करतात. दाब लवकर पूर्ववत झाला, तर पोकळ्या एकमेकींना चांगल्या जोडलेल्या आहेत असे समजावे.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. वायूचा दाब वरच्या खडकांचा भार काही अंशी पेलत असतो. वायू काढल्यावर ग्रोनिंगेनचा वालुकाश्म दबला, जमीन खचली, भूकंप होऊ लागले. २०१२ साली ३.६ प्रतीचा धक्का बसला. हजारो घरांना तडे गेले. अखेर २०२४ साली, पुष्कळ वायू खाली शिल्लक असतानाच, हे क्षेत्र कायमचे बंद करण्यात आले. किती वायू आहे आणि त्यातील किती काढावा, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.