मातीत रोवलेल्या खांबांचे गाव : सेंट जेनेव्हिव्ह

अमेरिकेत मुलांकडे मुक्कामास जाणारे आपले धर्मग्रामस्थ बहुधा न्यूयॉर्क आणि नायगरा पाहून परततात. सेंट लुईसच्या बाजूला जाणे झाल्यास तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर असलेल्या सेंट जेनेव्हिव्ह या लहानशा गावासाठी एक दिवस राखून ठेवावा, असे आम्ही सुचवतो. पॅरिसच्या आश्रयदात्या संत जेनेव्हिव्ह यांचे नाव धारण करणारे हे गाव फ्रेंच कॅथलिकांनी अठराव्या शतकाच्या मध्यास वसवले. १७८५ च्या महापुरात मूळ वस्ती बुडाली आणि गावकरी उंच जागी सरकले. आज दिसणारी जुनी घरे त्या स्थलांतरानंतरची आहेत.

इतर वसाहतकार लाकडाचे ओंडके आडवे रचत. फ्रेंच मंडळी ते उभे लावत. सर्वांत जुन्या पद्धतीत खांब थेट जमिनीत पुरले जात. मातीत लाकूड कुजते, त्यामुळे अशी घरे क्वचितच टिकली. अमेरिकेत उरलेल्या पाचांपैकी तीन या एकाच गावात आहेत. दुसऱ्या पद्धतीत दगडी जोत्यावर आडवी तुळई टाकून तिच्यावर खांब उभे करीत. बोल्डक कुटुंबाचे घर या प्रकारचे. खांबांमधील फटी माती व गवताने किंवा दगडांनी बुजवून वर चुना दिला जाई. घराभोवतीच्या रुंद पडवीवर उतरते छप्पर असे. (वसईकरांना ही पडवी परकी वाटणार नाही!)

मात्र या घरांचे ओंडके कोणी तोडले, कोणी वाहिले, हेही विचारले पाहिजे. गावात आफ्रिकी वंशाचे गुलाम मोठ्या संख्येने होते. लुइझियानातील १७२४ च्या फ्रेंच कायद्याने त्यांना कॅथलिक स्नानसंस्कार देणे मालकांवर बंधनकारक केले होते. धर्मग्रामाच्या जुन्या वह्यांत त्यांची नावे लिहिली गेली. मुक्ती मात्र त्या संस्काराने मिळाली नाही. आम्हां धर्मगुरूंना ही गोष्ट अस्वस्थ करते.

म्हणूनच १७९२ च्या सुमारास बांधलेले आमूरू घर चुकवू नये. गुलामगिरीत जन्मलेली पेलाजी १८३२ मध्ये मुक्त झाली आणि १८५२ मध्ये पती बेंजामिन आमूरू यांच्यासह या घरात आली. येथे तिने दुकान चालवले. २०२० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात आता हे घर मोडते. जमिनीत पुरलेले त्याचे खांब अजून उभे आहेत.