बालमनावरील आघात आणि मेंदूची घडण

भूकंप, अपघात, हिंसाचार अथवा अत्याचार अनुभवलेले मूल वर्गात दचकते, चिडते, त्याचे धड्याकडे लक्ष लागत नाही. ते व्रात्य असल्याचा समज होऊन त्यास शिक्षा केली जाते. वस्तुतः त्याचा मेंदू अद्याप संकटाच्या पवित्र्यातच असतो.

मेंदूत खोलवर असलेला बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डाला’ हा भाग धोक्याची सूचना देतो. कपाळामागील अग्रललाट भाग त्या सूचनेची शहानिशा करून भीतीस आवर घालतो. तीव्र आघातानंतर पहिला भाग अतिसंवेदनशील होतो व दुसऱ्याचा अंकुश सैल पडतो, असे आढळते. अग्रललाट भागाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. म्हणूनच या वयात हानी संभवते, तसाच सुधारणेसही वाव असतो.

अमेरिकेतील ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो व एस्थर डेब्लिंगर यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत साधारणतः १२ ते १६ बैठका असतात. मूल प्रथम श्वास व शरीर शांत ठेवण्यास शिकते. नंतर घडलेला प्रसंग टप्प्याटप्प्याने शब्दांत मांडते. पालकही त्यात सहभागी होतात. आठवण म्हणजे संकट नव्हे, हे मुलास अनुभवाने उमगते. उपचारानंतर मेंदूच्या भीतिविषयक प्रतिसादात बदल झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे; मात्र हे अभ्यास लहान गटांपुरते आहेत.

लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकल्यास मुलास तज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.